मला काही लागत नाही

अकोल्याला मावशीच्या घरी दिवस उजाडायचा तो शिलाई मशीनच्या आवाजाने. एस्तेरमावशी सकाळची प्रार्थना उरकून लगेच मशीनवर बसायची, आणि तिच्या पायांखालच्या पट्टीची खडखड ऐकत मी स्वयंपाकघरात स्टोव्हला पंप मारत असायचे. माझे वडील परतवाड्याकडच्या खेड्यांतून सायकलवर फिरून सुवार्ता सांगत. घरात भावंडं पुष्कळ, शाळा लांब, आणि माझा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने वाळलेला. मावशीचं घर मात्र शाळेला चिकटून होतं, चर्च दोन गल्ल्या सोडून. म्हणून आईने मला आपल्या थोरल्या बहिणीकडे ठेवलं. काका सरकी-कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू असत. त्यांची एकुलती एक मुलगी विमल माझ्याहून थोडी लहान, गोरीपान आणि बोलायला फटकळ. या घरात मी वाढले. कुणी मला कधी टाकून बोललं नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचताना मावशीवर अन्याय होईल.

टाकून बोलायची पाळीच मी येऊ दिली नव्हती. पाहुणे आले की उठायचे ती मी, विहिरीवर जायचे ती मी, काकांचे कपडे, विमलची वेणी, चर्चच्या बाकांवरची धूळ, सगळं माझं. भाकरी गरम असेपर्यंत वाढत राहायचे आणि शेवटी तव्याच्या कडेला राहिलेली कडक भाकरी वांग्याच्या भाजीच्या खरवडीशी खायचे. रविवारी मटणाचा रस्सा असायचा. मावशी फोड माझ्या ताटात टाकायला आली की माझा हात आपोआप ताटावर आडवा व्हायचा. "मला काही लागत नाही," मी म्हणायचे. नवीन कपडा, दुखण्याचं औषध, जत्रेतल्या बांगड्या, सगळ्याला तेच उत्तर. संडे स्कूलमध्ये आम्हाला शिकवलं होतं की आधी देव, मग दुसरे, आणि उरलंच काही तर आपण. मला वाटायचं, आपण या शिकवणीत पहिल्या नंबरने पास झालो आहोत. मावशी चर्चच्या बायकांना सांगायची, "आमची सुमती म्हणजे, कोणी पाठवलं असन तं देवानंच." ते ऐकलं की अंगावर मूठभर मांस चढायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते उतरलेलं असायचं, म्हणून मी अजून काहीतरी काम शोधायचे.

हे सगळं मी आता मोबाईलवर बोलून लिहिते आहे, कारण बोटं पूर्वीसारखी ऐकत नाहीत. मी 'मावशी' म्हटलं की हा फोन मधूनच 'माशी' लिहितो. मावशी असती तर पोट धरून हसली असती. पण त्या दिवसांतलं एक त्याला नीट सांगता येत नाही, ते म्हणजे माझी तगमग. मी कुठे बसू शकत नसे. सगळी कामं संपलेली दुपार, बाहेर अकोल्याचं ऊन भाजून काढतंय, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलेलं, सगळे आडवे झालेले, आणि मी घरभर फिरते आहे. लंगडत्या पावलांचा आवाज होऊ नये म्हणून भिंत धरून. हे पुस, ते लाव. बसलं की आत कुणीतरी विचारायचं, तू इथे कशाला आहेस? उठून काही केलं की ते गप्प व्हायचं. आरशासमोर मी केस विंचरत नसे. सवयीने, अंदाजाने भांग पाडायचे. डॉक्टरांनी पायाला कॅलिपर लावायला सांगून किती वर्षं झाली होती. ती लोखंडी पट्ट्यांची, कातडी पट्ट्यांची चौकट आणि खालचा जड बूट. मी लावला नव्हता. त्याचा आवाज होतो, लोक बघतात, एवढे सोपस्कार माझ्यासाठी कशाला?

मॅट्रिक होऊन दोन-तीन वर्षं झाली आणि मोर्शीहून स्थळ आलं. शांतवन नाव, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. बायको वारलेली, एक लहान मुलगी. वयाने माझ्याहून बराच मोठा. मावशीने मला शेजारी बसवून सांगितलं, "पाह्य, सुमती, लेकराची सेवा करायची हाय. तुह्यासारखं मन कोणाचं आहे? देवानं तुले यासाठीच ठेवलं असन." मी मान हलवली. मनात मी आधीच त्या न पाहिलेल्या मुलीची वेणी घालत होते, त्या न पाहिलेल्या घराची भांडी घासत होते. नवरा कसा आहे हा विचारच डोक्यात आला नाही. विमलने एकदाच विचारलं, "तुले काय वाटते?" मी म्हटलं, "मला काय वाटायचं आहे?" ती रागाने उठून गेली.

शांतवन आला तो भर उन्हाळ्यात. मावशीने पन्हं केलं होतं, शेवया केल्या होत्या. काळासावळा, रुंद हातांचा माणूस. नखांच्या कडांना न निघणारं ग्रीस. बरोबर मुलगी, लिली नावाची, पुढचे दोन दात पडलेली. थोडं बोलणं झाल्यावर काकाच म्हणाले की दोघांना जरा बोलू द्या, आणि आम्ही मागच्या अंगणात कडुनिंबाखाली आलो. मी पाय साडीच्या निऱ्यांत लपवून ओट्यावर बसले. लिली जमिनीवर काडीने रेघा ओढत होती.

"तुमाले हे लग्न करायचं आहे का?" त्याने सरळ विचारलं.

"मावशीनं सांगितलंच आहे ना तुम्हाला."

"मावशीचं नाही विचारून राहिलो. मी तुमाले पसंत आहो का?"

मला हसू आलं. खरंच हसले मी. "माझी काय पसंती? माझ्यासारखीला विचारायला कोणी आलं हेच खूप झालं. तुमच्या मुलीचं मी सगळं करीन. तुमच्या घरात कोपऱ्यात राहीन. मला काही लागत नाही."

मला वाटलं तो खूश होईल. तो कडुनिंबाच्या खोडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माही घरवाली अस्संच म्हणे. मले काही लागत नाही. तिच्या छातीत गाठ होती. कित्येक महिने कोणाले सांगतलं नाही. कधी माह्या ड्यूट्या, कधी लेकराचं आजारपण, कधी सणवार. सांगतलं तवा डॉक्टरच्या हातात काही राह्यलं नोतं." तो नखातलं ग्रीस खरवडू लागला. "लोकं म्हणतात, लय मायाळू होती. होती. खोटं नाही बोलत. पण मले तिचा राग येते. आजबी येते."

"गेलेल्या माणसावर रागावू नये," मी म्हटलं.

"नये. पण येते ना." त्याने लिलीकडे पाहिलं. ती आमच्याकडे बघत नव्हती, पण तिची काडी थांबली होती. तो आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, तुमच्या पायाचं मले काही नाही. गाडी काय अन् माणूस काय, एखादा भाग कमजोर असतेच. पण तुमी जे आता बोलल्या त्याचं मले भेव वाटते. ही पोट्टी पाहून पाहून शिकते. दुसऱ्यांदा तिच्यासमोर तसंच नको."

एवढं बोलून तो आत गेला आणि हात जोडून काकांना सांगितलं की जमणार नाही. कारण सांगितलं नाही. पन्ह्याचे पेले तसेच राहिले. त्याच्या सायकलरिक्षाचा आवाज गल्लीत विरला तशी मावशी माझ्याजवळ आली, माझं डोकं कुरवाळलं आणि म्हणाली, "पायापायी झालं, दुसरं काय." घरात सगळ्यांनी तेच धरलं. मीही ते खोडलं नाही. पायासाठी नाकारलं असतं तर मला चाललं असतं. त्याची तयारी मी लहानपणापासून करून ठेवली होती. पण ज्या एका गोष्टीवर मी उभी होते, जिच्यासाठी चर्चच्या बायका माझं उदाहरण देत होत्या, नेमक्या तिलाच तो माणूस घाबरून निघून गेला होता.

पुढचे काही आठवडे मी कशी वागले ते विमलने नंतर मला सांगितलं. मला आठवतो तो फक्त राग. त्याच्यावर राग. स्वतःची बायको वेळेवर दवाखान्यात नेली नाही आणि खापर तिच्यावर फोडतो! मी पितळी डबे चिंचेने घासून घासून लख्ख केले. परत घासले. एका सकाळी मी मोरीवर भांडी घेऊन बसले होते आणि विमल कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"सुमताई, तू भांडे घासतं तं साऱ्या घराले ऐकू येते."

"मग तू घास."

"देतं कुठं तू घासाले?" ती म्हणाली. "मी उठली का तू माह्या आधी उठतं. मी दोन दिवस तापानं पडली होती, तू माह्या पायथ्याशी बसून राह्यली, अन् मले वाटे, ही कवा जाईन? तुह्या तोंडाकडे पाह्यलं का वाटे मी काहीतरी चोरलं हाय तुह्यं."

मी कढई तिच्या अंगावर फेकली नाही एवढंच. ती शेजारी बसली, माझ्या हातातली राख घेतली आणि अर्धी भांडी तिने घासली. दोघीही रडलो, पण एकमेकींकडे न बघता.

त्या रविवारी वचन निघालं ते शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करण्याचं. ते मी पाठ म्हणू शकत होते. इतकी वर्षं मी त्यातला शेजारीच ऐकला होता. त्या दिवशी 'स्वतःसारखं' हा मधला शब्द कानात घुसला आणि मला बाकावर बसवेना. मी स्वतःशी जशी वागत होते तशी शेजाऱ्याशी वागले असते तर? त्याला आरशात बघू दिलं नसतं, शिळंपाकं खायला घातलं असतं, दुखलं तर गप्प बस म्हटलं असतं, आणि वर म्हटलं असतं की तू कशाला जन्मलास! शेजाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली असती. भर उपासनेत मला हसू फुटलं आणि मावशीने कोपर मारलं.

उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना फाटकाजवळच्या झाडाखाली गाठलं. वयस्कर, थकलेले गृहस्थ. गुडघ्यांच्या दुखण्याने बेजार. मी विचारलं, "स्वतःवर प्रेम करणं पाप आहे का?"

त्यांना वाटलं मी काहीतरी कबूल करते आहे. "कोणी काही बोललं का, बाई?"

"नाही. स्वतःला नाकारा असंही आहे आणि स्वतःसारखं प्रेम करा असंही आहे. मी कुठलं धरू?"

त्यांनी झाडाच्या खोडाला पाठ टेकली. म्हणाले, "मला हे कोणी विचारलं नाही आजवर. पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. पण वेदीवर आणतात ते जपलेलं कोकरू असतं, सुमती. उकिरड्यावर टाकलेलं उचलून आणलं तर त्याला अर्पण म्हणता येत नाही." मग हसून गुडघा चोळत म्हणाले, "मलाही डॉक्टरकडे जायला हवं खरं तर." ते गेले की नाही, मला कळलं नाही.

मी एकदम बदलले असं कोणी समजू नये. आजही, या वयात, कोणी चहा विचारला की पहिला शब्द 'नको' असाच येतो आणि मग मी तो मागे घेते. पण त्या पावसाळ्याच्या तोंडावर मी काकांबरोबर जाऊन पायाच्या मापाचा कॅलिपर करवून आणला. पहिल्याच दिवशी त्याने पोटरी सोलून निघाली. बूट फरशीवर आपटायचा आणि गल्लीतली पोरं वळून बघायची. विमल माझ्याबरोबर मुद्दाम सावकाश चालायची आणि बघणाऱ्यांकडे डोळे वटारायची. मग अमरावतीच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियनचं शिक्षण देतात असं कळलं. बसून करायचं काम, सूक्ष्मदर्शक, काचेच्या पट्ट्या. मला शाळेत शास्त्र आवडायचं, हे मी विसरूनच गेले होते.

मावशीला सांगितलं तेव्हा ती मशीनवर होती. पट्टी थांबली.

"अन् इथलं?" ती म्हणाली. "माह्ये डोये दिसत नाही धड. विमल आज ना उद्या सासरी जाईन. तू जाशीन तं कसं?"

"सुट्टीत येईन मी."

"सुट्टीत!" मावशीचा आवाज चढला. "मी तुले पोटच्या पोरीसारखं वाढवलं. आता आपलाच इचार करून राह्यली? सोताचा जीव प्यारा झाला तुले?"

आमच्या घरात याहून मोठी शिवी नव्हती. पूर्वीची मी त्या क्षणी तिच्या पायाशी बसले असते आणि म्हटलं असतं, चुकले, नाही जात. शब्द ओठांपर्यंत आलेही. त्याऐवजी मी म्हटलं, "हो, मावशी. थोडासा. आतापर्यंत नव्हता."

मग तिने सुई खाली घेतली आणि मशीन सुरू केलं. पुढे किती दिवस ती माझ्याशी बोलली नाही. प्रार्थनेत सगळ्यांची नावं घ्यायची, माझं गाळायची. मी दोनदा ट्रंक भरली आणि दोनदा रिकामी केली. निघायच्या आदल्या दुपारी तिने माझ्यापुढे दोन सलवार-कुडते टाकले. साडीत कॅलिपर अडकतो हे तिच्या ध्यानात आलं होतं. सलवारीचा डावा पाय कॅलिपरचा पट्टा बसेल असा रुंद शिवला होता. "घालून पाह्य," एवढंच म्हणाली. मी विमलच्या आरशासमोर उभी राहून घालून पाहिले. मावशी मागे उभी होती. माझा खांदा सरळ करत ती पुटपुटली, "मले कोणी शिकाले धाडलं नसतं. मी म्हटलंबी नसतं, धाडा म्हणून." त्या वाक्याने मला अमरावतीपर्यंत रडवलं.

अमरावतीत मी होस्टेलला राहिले. तिथेही पहिले काही महिने सगळ्या मुलींचे टॉवेल मीच वाळत घालायचे. मग एक दिवस म्हटलं, आज पाय दुखतो आहे, तुम्ही घाला. कोणाला काहीच वाटलं नाही! एकीने घातले. मी पलंगावर बसून पाहिलं आणि मला नवल वाटलं. हळूहळू असं झालं की कुणाच्या आजारपणात जवळ बसले तर मी तिच्याकडे बघू लागले. ती माझ्याकडे बघते आहे की नाही, हे बघायचं कमी झालं.

शेवटची परीक्षा संपली तेव्हा संत्र्यांचे दिवस होते. एका सकाळी मी डेपोवर जाऊन मोर्शीच्या गाडीत बसले. कोणाला सांगितलं नव्हतं. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं. कंडक्टरला वाटलं मला गाडी लागते आहे. मोर्शीला उतरल्यावर वर्कशॉप विचारत गेले. तो एका गाडीखालून बाहेर आला, कॅलिपरकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि ओळख पटून उभाच राहिला.

"अकोल्याच्या ना तुमी?"

"हो. तुम्ही एक विचारलं होतं. मी उत्तर दिलं नव्हतं."

त्याने बोळ्याने हात पुसले. खूप वेळ पुसले. "बाई," तो म्हणाला, "माह्यं ठरलं. वरुडकडची आहे. पुढच्या महिन्यात लग्न."

माझ्या जिभेवर लगेच आलं, अरे वा, मी सहजच आले होते, मला काय. गिळलं. गाडीच्या बंपरला हात टेकला. "मला वाईट वाटलं," मी म्हटलं. "पण आले आहे तर सांगून जाते. तुम्ही मला पसंत होता."

डोळे भरले त्याचे, ते ऐकून की डिझेलच्या वासाने, कोण जाणे. "चहा घ्याल?"

"घेईन. आणि खायलाही सांगा. सकाळपासून उपाशी आहे."

तो खदखदून हसला. कँटीनमध्ये आम्ही गरम आलुबोंडे खाल्ले. लिलीचे दात आले होते आणि ती आता दुसऱ्या पोरांना चावत होती, असं त्याने सांगितलं. मी नव्या बाईंबद्दल विचारलं. "लय भांडकुदळ आहे," तो अभिमानाने म्हणाला. "डोकं दुखलं तं घर डोक्यावर घेते." मी विचारलं, "पहिलीचा राग?" त्याने कपातल्या चहाकडे पाहिलं. "कमी झाला. आता आठवण जास्त येते." मला त्याच्यासाठी बरं वाटलं. खरंच वाटलं. आतून दुखत असतानाच वाटलं, आणि दोन्ही एका वेळी मावतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. वाकळ आणि पिशव्या घेऊन एक बाई शेजारी बसली. तिच्या कडेवरची पोर पेंगत पेंगत माझ्या डाव्या मांडीवर कलंडली आणि झोपली. मी रडत होते. त्या बाईने पाहिलं आणि काही विचारलं नाही. पिशवीतलं संत्रं सोलून अर्धं माझ्या हातात दिलं. थोड्या वेळाने कॅलिपरचा पट्टा लेकराच्या वजनाने मांसात रुतायला लागला. मी जरा वेळ सोसलं.

"बाई," मग मी म्हटलं, "माझा हा पाय दुखतो."

"आगं माय! सांगतलं काहून नाही? आणा इकडे, घेतो मी."

"नको, असू द्या. या मांडीवर ठेवू. इथं चांगली झोपेल."

आम्ही दोघींनी मिळून तिला उचलून उजव्या मांडीवर घेतलं. तिचं घामेजलेलं डोकं माझ्या कोपराच्या खोबणीत नीट बसलं. अमरावतीला पोचलो तरी ती जागी झाली नव्हती. तिला कडेवर घेऊन वाकळ, पिशव्या सावरत तिची आई दारात अडकली होती आणि मागून लोक लोटत होते. "थांबा," मी म्हटलं. "आधी मला उतरू द्या." दांडी घट्ट धरून मी एकेक पायरी उतरले, बूट जमिनीवर नीट टेकवला, तोल सावरला. मग दोन्ही हात वर केले आणि म्हटलं, "आता द्या तिला."